मेघाच्या माहेरचं रक्त

कन्हानला मेघाच्या माहेरी पुरुष म्हातारे होत नसत. आजोबा धोंडबा चाळिशी ओलांडली न ओलांडली तोच गेले. काका तर त्याही आधी, सायकलवरून उतरता उतरता. आणि मेघाचे वडील एका सकाळी चहा मागून खाटेवर बसले. आई कप घेऊन आली तोवर ते कलंडलेले होते. मेघा तेव्हा बारावीत होती, धाकटा प्रशिक सातवीत.

तिघेही कोळशाच्या खाणीत कामाला होते, म्हणून दुसरं कारण कोणी शोधलंच नाही. वस्तीत कोणी करणीचं नाव काढलं तर मेघाची आई, कांताबाई, त्याला दारातूनच परत पाठवायची. त्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. पण खाणीची धूळ माणूस खाते, यावर तिचा पक्का विश्वास होता. नवऱ्याच्या जागी पुढे पोराला नोकरी मिळू शकते, असं लोकांनी सांगितलं, तेव्हा तिनं ऐकूनही घेतलं नाही. शिवणकाम केलं, दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेली, पण प्रशिकला आयटीआय करवून बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लावलं. तो कंपनीचा शर्ट घालून पहिल्यांदा कामावर निघाला, त्या दिवशी ती शेजारणीला म्हणाली, "सुटलं वं माहं लेकरू."

मेघा लग्न होऊन नागपुरात आली आणि प्रताप नगरात राहत्या घरातच तिनं छोटंसं ब्यूटी पार्लर उघडलं. हात हलका, बोलणं गोड, त्यामुळे बायका लांबून यायच्या. तिच्या स्वतःच्या पापण्यांवर मात्र, नाकाकडच्या कोपऱ्यांशी, पिवळसर चट्टे उठले होते. मेणाचा थेंब पडून वाळावा तसे. रोज सकाळी ती ते कन्सीलर लावून झाकायची. पार्लरवालीचाच चेहरा डागाळलेला दिसला तर कसं चालेल?

एका दुपारी गुंजन नावाची तरुण डॉक्टर भुवया करायला आली. लाइट गेलेली, उकाडा मी म्हणत होता, आणि मेघाचा मेकअप घामानं उतरला होता. दोरा दातात धरून ती वाकली, तेव्हा गुंजननं डोळे मिटलेच नाहीत. ती मेघाच्या पापण्यांकडे पाहत राहिली.

"ताई, हे डाग कधीपासून आहेत?"

"झाली असतील काही वर्षं," दोरा न सोडता मेघा म्हणाली. "कायची तरी अॅलर्जी आहे."

"तुमच्या घरी कोणी कमी वयात अचानक गेलंय का?"

मेघाच्या दातातला दोरा सुटला. पार्लरमध्ये तिनं वडिलांचा विषय कधीच काढला नव्हता.

रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल असावं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. गुंजननं तिला शांतपणे समजावलं की हा दोष जन्मापासूनचा आहे, आईबापांपैकी एकाकडून येतो. यात रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल लिव्हरला नीट काढता येत नाही, ते लहानपणापासून नसांमध्ये साचत जातं, कधी पापण्यांवर किंवा टाचेमागच्या शिरेतही दिसतं. तेल-तूप कमी करणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही. स्टॅटिनची गोळी रोज घ्यायची, आणि ती कायमची. "भावाचीही तपासणी लवकर करा," ती म्हणाली, आणि 'लवकर' हा शब्द तिनं जरा दाबून उच्चारला.

त्या दिवसापासून मेघाला स्वस्थता राहिली नाही. कन्हानवरून फोन वाजला की तिचा हात थांबायचा. प्रशिक घरी आला की ती त्याला बोलता बोलता न्याहाळायची. त्याच्या पापण्या स्वच्छ होत्या. पण एकदा तो ओसरीत पाय पसरून बसला आणि तिला त्याच्या टाचेमागची शीर दिसली, जाड, गाठाळलेली. विचारल्यावर म्हणाला, कबड्डीत मुरगळली होती. दोन्ही टाचा? त्यावर तो हसला.

"ताई, मले काय झालं वं? उभ्यानं पूर्ण शिफ्ट काढून राहिलो मी. दारू नाही, खर्रा नाही. बाबा खाणीत होते. मी कधी खाणीत गेलो काय?"

"मी तरी कुठं गेली होती गा?"

दुसऱ्या दिवशी तो रक्त द्यायला आला. आकडा बहिणीपेक्षाही वर निघाला, आणि गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तर कोलेस्टेरॉल चांगलंच खाली आलेलं. प्रशिकनं पेढे आणले. मेघानं पेढा घेतला खरा, पण अर्धाच खाऊन ताटलीत ठेवला. वडील गेले त्या वयाला भाऊ आता येऊन पोहोचत होता.

"गोळी घेऊन राहिला ना?" ती दर फोनवर विचारायची.

"हाव वं, घेऊन राहिलो," तो म्हणायचा. पुढे पुढे त्या उत्तरात चिडचिड येऊ लागली, तशी तिनं विचारणं कमी केलं.

एप्रिलच्या एका रविवारी तो मेघाकडे कूलर बसवून द्यायला आला. सोबत बायको, मुलगी उन्नती आणि कांताबाई. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. नवी खस बसवून त्यानं कूलर उचलला, खिडकीबाहेरच्या स्टँडवर ठेवला आणि आत येऊन जमिनीवरच बसला. अंग घामानं निथळत होतं. पण त्या दिवशी कोण निथळत नव्हतं?

"ऊन लागलं त्याले," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी कांदा ठेचून तळपायाला चोळला. बायकोनं पन्हं केलं. त्यानं दोन घोट घेतले आणि मळमळतं म्हणून पेला सरकवला. पार्लरचं आवरून मेघा आत आली, तेव्हा तो भिंतीला टेकून एका हातानं जबडा धरून बसला होता.

"दात दुखून राहिला काय गा?"

"दात नाही वं... हे इथून, हातात उतरून राहिलं काहीतरी."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो चेहरा मेघानं आधी एकदाच पाहिला होता, कन्हानच्या खाटेवर. ती चपला न घालता रस्त्यावर धावली आणि पहिला ऑटो अडवला.

दवाखान्यात नस उघडून स्टेंट टाकला. प्रशिक वाचला. पण घरी कांदा चोळण्यात गेलेला वेळ परत मिळणारा नव्हता. हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती ना?"

प्रशिकनं बहिणीकडे पाहिलं नाही. "रिपोर्ट चांगला आला, तवाच सोडली. पोटऱ्या दुखत होत्या. शिफ्ट निघत नव्हती."

"रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आला होता," डॉक्टर म्हणाले. "दुखत होतं तर सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते."

ते गेल्यावर मेघानं एवढंच विचारलं, "मले सांगितलं काहून नाही?"

"तू भेली असती." त्यानं नजर पंख्याकडे वळवली. "मीही भेलो होतो वं. रोज ती गोळी हातात घेतली की बाबा दिसत होते."

आता उन्नतीची तपासणी करणं भाग होतं. पाचवीतली पोर, सुई टोचताना तोंड फिरवून घट्ट डोळे मिटून बसली. रिपोर्ट मेघानं एकटीनंच जाऊन आणला. आकडा बापाच्या आकड्याला लागून होता. कांताबाईंना सांगितलं तेव्हा त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "म्हणजे मी इतके वर्षं भलतीकडंच पाहत होती."

मुलांच्या डॉक्टरांनी उन्नतीला लहान डोस सुरू केला. या वयात सुरुवात झाली तर पुष्कळ टळतं, असं ते म्हणाले. 'पुष्कळ' म्हणजे किती, हे मेघानं विचारलं नाही.

कारखान्यानं प्रशिकला हलकं काम दिलं, गेटवर बसायचं. पावसाळा संपता संपता तो एकदा उन्नतीला घेऊन मेघाकडे आला. उन्नती धावत वर गेली; जिना चढताना मेघा त्याच्या मागेच होती. मधल्या वळणावर तो थांबला, कठड्याला हात लावून उभा राहिला, जणू खालचा रस्ता पाहतोय. मेघाही थांबली आणि उगाचच पिशवीत किल्ली शोधू लागली. वरून उन्नतीनं हाक मारली, "बाबा, या ना!" तो श्वास जमवत होता, आणि मेघा पिशवीत हात घालून तशीच उभी होती.