अप्पारावांची हिरवी चार्जर

१९९७ च्या उन्हाळ्यात मुकुंदराव हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या आपल्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या टेबलावर, वीतभर लांबीची एक मोटार बांधायला बसले. कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढल्यावर तिथे नवी यंत्रं आली, आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मोटार त्यांना चालवता येत नव्हती.

गाडी शेजारच्या अप्पारावांची. म्हणजे त्यांनी चालवलेली. १९६९ साली एका अमेरिकन इंजिनिअरने आपली डॉज चार्जर जहाजाने इकडे आणवली होती आणि अप्पाराव दोन वर्षं तिचे ड्रायव्हर होते. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन. "सुरू केली की मलकपेठेत रेसचे घोडे कान टवकारायचे," असं ते सांगत. तिचा एकही फोटो त्यांच्याजवळ नव्हता. आता काचबिंदूने त्यांची नजर आक्रसत चालली होती. दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. भाच्याने अमेरिकेहून त्याच गाडीच्या सुट्या प्लॅस्टिकच्या भागांचा खोका आणला. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची गाडी. अप्पाराव तो घेऊन थेट मुकुंदरावांकडे आले.

"मिस्त्री, एकदा बघायचीय. नजर आहे तोवर."

"बघाल, अप्पा. पण मधेच येऊन डोकं खायचं नाही."

खोक्यातलं इंजिन म्हणजे नुसता काळा ठोकळा होता. मुकुंदरावांनी त्याला केसासारख्या बारीक सुईने आठ भोकं पाडली आणि जुन्या ट्रान्झिस्टरच्या कॉइलमधली तांब्याची तार आठही प्लगांना नेली. सीटसाठी फाटक्या पाकिटाचं चामडं काचेच्या तुकड्याने खरवडून कांद्याच्या सालीइतकं पातळ केलं. हिरव्या रंगाचे चार नमुने अप्पारावांनी खिडकीत धरून परत केले. पाचव्याला म्हणाले, "हौ, हाच." खऱ्या गाडीचा मागचा पत्रा एकदा रेसकोर्सच्या खांबाला घासला होता, तो पोचाही मुकुंदरावांनी चमचा तापवून उठवला. ही गोष्ट लिहिण्याआधी मी भिंगातून तो पोचा पाहिला. रंग जिथे उडालेला हवा, तिथेच उडालेला होता.

सगळ्यात अवघड काम त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. खोक्यातलं स्टिअरिंग डावीकडे होतं. अमेरिकेचं ते अमेरिकेत, गाडी तर हैदराबादेत चालली, असा त्यांचा हिशेब. दाढीच्या ब्लेडला कानशीने दाते पाडून त्यांनी डॅशबोर्ड कापला, फिरवला, स्टिअरिंग उजवीकडे नेलं आणि सांधा दिसणार नाही असा घासला. वीस दिवस लागले.

सप्टेंबरात त्यांनी गाडी अप्पारावांच्या टेबलावर ठेवली. अप्पारावांना तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढंच दिसत होतं, बाकी काळोख. ते नाक बघत गेले, मग छत, मग पोचा. पोच्यावर हसले. गाडीच्या खिडकीतून आत डोकावले आणि थांबले.

"ही माझी गाडी नव्हे."

"काय झालं?"

"स्टिअरिंग."

"आपल्याकडे उजवीकडेच असतं, अप्पा."

"साहेबानं बदललंच नव्हतं! मी डावीकडे बसायचो. पुढची लॉरी ओलांडायची तर मला समोरचं काय दिसणार?"

अप्पारावांची बायको सत्यवतीबाई चहा घेऊन आल्या होत्या. "साहेब विमानतळावर उतरायचे त्या दिवशी हे रिकामी गाडी घेऊन निघायचे आणि मला बसवायचे उजवीकडे," त्या म्हणाल्या. "मी सांगायची, आता घ्या, आता थांबा. तुम्ही माझी जागाच खाल्ली की, भावजी."

मुकुंदरावांनी गाडी उचलली आणि चहा न घेताच निघाले.

दुसरा खोका मिळणार नव्हता. थिनरने जोडलेलं प्लॅस्टिक उकलत नाही, एक होऊन जातं. तेच ब्लेड त्यांनी पुन्हा चालवलं, आपल्याच सांध्यावरून, एका दिवसात नखाच्या जाडीएवढं. काढलेला प्रत्येक कपटा त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपला होता, ते सगळे परत बसवून स्टिअरिंग डावीकडे आणलं. एकतीस वर्षांत त्यांचा एकही भाग तपासणीतून परत आला नव्हता, हे मला त्यांच्या जुन्या फोरमनने सांगितलं.

दिवाळीला नऊ दिवस होते. अप्पारावांच्या नजरेतलं रुपयाचं नाणं आता चार आण्यांचं झालं होतं. अप्पारावांनी गाडी उन्हात धरली आणि डोळा काचेला लावला. मग त्यांनी ती टेबलाच्या कडेला ठेवली, मागून एका बोटाने ढकलत चहाच्या कपामागे आणून थांबवली.

"पुढे लॉरी आहे. काय दिसतंय?"

सत्यवतीबाई उजवीकडे बसल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"थांबा. एक टांगा येतोय," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "हं, आता घ्या."