ताईची तोफ

माझी थोरली बहीण नगरपालिकेच्या पाणीखात्यात इंजिनिअर, आणि जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्याकडे बघून. नव्या पाइपलाइनच्या उद्घाटनाला नगराध्यक्ष फीत कापायला उभे राहिले, तेव्हा चारचौघांत म्हणाली, "दाबाची चाचणी व्हायचीय अजून. कात्री खिशात ठेवा." मी तिच्याच हाताखाली फिटर. घरातही धाकटा, कामावरही धाकटाच.

शहराला वेढा पडला. समोरच्या टेकडीवरून रोज सकाळी गोळे यायचे, तेही पाण्याच्या रांगेवर. आमच्याकडे शिकारीच्या चार बंदुका! नगराध्यक्षांना तोफ हवी झाली आणि त्यांनी ताईला बोलावलं, जणू तोफ म्हणजे जाडसा नळच. ती भडकली, पण रांगेत मेलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. तिने गोदामातला सगळ्यात जाड पाइप काढला, मागचं तोंड बंद केलं, वरून पोलादी कडी चढवली. नेम धरायचं काम तिच्या नवऱ्याकडे आलं. भाऊजी शाळेत भूमिती शिकवायचे. "जन्मभर फळ्यावर कोन काढले, एखादा तरी उपयोगी पडू दे," म्हणायचे.

"पहिले तीन बार लांबून, दोरी ओढून. जवळ चिटपाखरू नको," ताईने बजावलं होतं. नेमका चाचणीच्याच सकाळी इस्पितळाचा पंप बंद पडला. जाताना मला म्हणाली, "मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

डोंबलाचं कळलं! तासाभरात नगराध्यक्ष आले, मागे पन्नास माणसं. "चाचणीत दारू जाळायची? आहे किती आपल्याकडे? हत्ती गेला अन् शेपूट राहिलं, आता कुणाची वाट बघताय?" मी ताईचं नाव घेतलं, तर हसले. "बाईमाणूस आहे. घाबरायचीच." त्यांचा गळा तेव्हाच धरायला हवा होता मी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "गाड्यावर तू बसवलीस ना? मग झालं तर," ते म्हणाले. माझी छाती फुगली. एक शब्द 'नाही' म्हणायचा होता, तो माझ्या तोंडातून निघाला नाही.

पाइपला लांबीभर वेल्डिंगची शिवण असते. पाण्याचा पाइप टाकताना ती वर ठेवायची, म्हणजे गळती लागली तर दिसते आणि पाइप न उचलता सांधता येते. वीस वर्षं माझ्या हाताला तेच वळण. तोफेचीही मी वरच ठेवली. फुटलीच तर ती शिवणीतून फुटणार आणि नेम धरणारा नेमका तिच्यावरच वाकणार, हे माझ्या मठ्ठ डोक्यात आलंच नाही.

पहिल्याच बाराला शिवण उसवली. भाऊजी जागच्या जागी गेले. नगराध्यक्ष तीस पावलांवर वाळूच्या पोत्यांमागे होते. त्यांना साधा ओरखडाही नाही.

ताई धावत आली, हात ग्रीसने माखलेले. नगराध्यक्ष पुढे झाले. "शहर त्यांना विसरणार नाही. दुसरी तोफ कधीपर्यंत..."

"उद्या देते," ताई म्हणाली. तिने त्यांची मानगूट पकडली आणि फुटक्या पाइपवर त्यांचं डोकं वाकवलं. "पहिला बार तुम्ही उडवायचा. असं वाकून." पन्नासांतल्या एकानेही तिला अडवलं नाही. तिने सोडलं तसे ते मागे वळूनही न बघता निघून गेले.

मग तिने फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "शिवण वर कुणी ठेवली?"

"मी. वरच असते ना, ताई."

तिने बोट मागे घेतलं. "हो," म्हणाली, "मीच शिकवलं तुला."

"मार ना मला!" मी ओरडलो. "शिव्या दे! काहीतरी बोल!"

कुणीतरी भाऊजींवर टाकलेली ताडपत्री तिने नीट केली आणि त्यांच्या खांद्यांखाली हात घातले.

"पाय धर," ती म्हणाली. "घरी न्यायचंय त्यांना."