बर्फवाल्याचा नरकासुर

आमच्या किनाऱ्यावर राक्षस हा शब्द कुणी जपून वापरत नाही. तो तोंडातून बाहेर पडताना ‘राकस’ होतो आणि राकस झाला की घरातलाच होतो. पोराने ताटातली आमटी ओरपून टोपाकडे नजर लावली, की आई म्हणते, ‘राकस इलो गो माझ्या पोटाक!’ आणि म्हणता म्हणता टोप पुढे सरकवते. दावं तोडून पळालेला पाडा राकस. सकाळपासून दुपारपर्यंत न थांबता नारळ सोलणारा गडीही राकस, पण ते कौतुक. माझी बायको मसुऱ्याची, पत्रिकेने राक्षसगणाची. त्यापायी तिला एकदोन स्थळांनी नकार दिला होता. आता भांडण झालं की ती तेच पुढे करते. ‘माझो गण राकस आसा, ध्यानात ठेवा. तुमच्यासारखे मी न्याहारेक खातंय.’

चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे आम्ही तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो. लिंबाएवढं कडूजहर फळ, पण त्या दिवशी तोच नरकासुर. ‘गोविंदा!’ म्हणून ओरडायचं, फळ फोडायचं आणि त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा. शत्रूला मारून त्याची चवही बघणारी माणसं आम्हीच असू.

गेल्या काही वर्षांत मात्र या शब्दाला नवा धनी मिळाला आहे. खोल पाण्यात बोटी उभ्या राहतात, पाण्यावर पांढरा झगझगीत उजेड सोडतात, उजेडाला भुलून मासळी गोळा होते आणि मोठ्या जाळ्यात लहानथोर सगळी उचलली जाते. आम्ही त्यांना एलईडीवाले म्हणतो. बंदी आहे म्हणतात, पण बोटी दिसतात. आमच्या वाडीची रापण आहे. होडीने समुद्रात लांबवर जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि बायाबापड्यांसकट सगळ्यांनी ओढायचं. जो ओढेल त्याचा वाटा. या रापणीला अलीकडे शेवाळ आणि जेलीफिश मिळतात. तेव्हा वाडीची सभा भरली की एलईडीवाल्यांना एकच शब्द असतो. राकस! हे ओरडणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी बर्फ विकतो. मालवणकडच्या कारखान्यातून लाद्या आणतो, भुशात ठेवतो, मागणी आली की कुटून देतो. हा धंदा ज्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, उभा आहे तो मांगर माझ्या मामाचा. वडील मुंबईला नोकरीत होते, आई लवकर गेली, मला वाढवलं मामाने. रापणीतही त्याचाच शब्द चालतो. आपली जाळी आणि दोर ठेवायची जागा त्याने मला मोकळी करून दिली आणि स्वतःचं सामान घराच्या पडवीत नेलं. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही, मीही नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. गेल्या हंगामापासून त्या राकसांना बर्फ मी देत होतो.

सुरुवात फार साधी झाली. रापणीला मासळी नव्हती, त्यामुळे बर्फाला गिऱ्हाईक नव्हतं आणि मांगरात लाद्या पाझरत होत्या. एका दुपारी एलईडीवाल्यांच्या बोटी लागतात त्या पलीकडच्या बंदरावरून फोन आला. टेंपो भरला, वाडीबाहेरून जाणाऱ्या वरच्या रस्त्याने नेला, रिकामा करून आलो. पुढच्या आठवड्यात त्यांनीच पुन्हा बोलावलं. मग ठरूनच गेलं. मी स्वतःला सांगत होतो की मी जाळं टाकत नाही, दिवा लावत नाही, बर्फ कुणालाही लागतो. खरं काय ते मला माहीत होतं. बोटीच्या पोटातल्या खणात बर्फ नसेल तर बोटीला मासळी नासायच्या आत परतावं लागतं. बर्फ भरला की ती चार दिवस बाहेर राहते. बर्फवाल्याला हे कळत नसेल तर कुणाला कळणार?

हे पोटात ठेवून मी सभेत ओरडत होतो. बायकोला संशय आला होता. ‘टेंपो वरच्या रस्त्यान कित्याक व्हरतास?’ तिने एकदा विचारलं. खालचा रस्ता खराब आहे, असं मी म्हटलं. खालचा रस्ता नुकताच डांबर घालून केलेला होता.

या दिवाळीला वाडीतल्या पोरांनी नरकासुर केला तो एलईडीवालाच. बांबूचा सांगाडा, पोटात गवत, हातात फाटकं जाळं, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे बल्ब. दातांना थर्माकोल हवा म्हणून माझ्याकडून मासळीचे मोडके खोके नेले आणि बल्बांसाठी टेंपोची जुनी बॅटरी. खोके पलीकडच्या बंदरावरून परत आलेले होते. तरी मी ते दिले. चावदिसाच्या आदल्या दिवशी दुपारी ती सगळी मंडळी दारात आली.

‘काका, यंदा आग तुमी लावूची.’

‘मी कित्याक?’

‘दात तुमचे, डोळे तुमचे. आणि तुमचो आवाज! तुमी नुसते ओरडलास तरी राकस बसल्या जाग्यार मरतलो.’

सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडे नरकासुराला आग लावायला वाडीतला मानाचा माणूस बोलावतात. तो मान आजवर मला कधी मिळाला नव्हता. पोरं गेली आणि मी चपला न घालताच किनाऱ्यावर मामाकडे निघालो.

मामा वाळूत बसून रापण शिवत होता. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा पदर, हातात सुई.

‘मामा, उद्या आग मी लावचंय नाय.’

‘कित्याक? हात भाजतले?’

‘एलईडीवाल्यांक बर्फ मी देतंय. गेल्या वर्सापासना.’

सुई थांबली नाही. हातातलं जाळ्याचं घर पुरं करून त्याने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

‘माझ्या मांगरातसून?’

‘होय.’

‘आणि सभेत बोंब मारी होतंस तोच तू?’

‘तोच मी.’

त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. मी म्हटलं, ‘माका राकस म्हण. एकदाच म्हण.’

माझी ती मागणी खरी होती. तो शब्द मिळाला असता तर सगळं एका ठिकाणी संपलं असतं. राक्षसाकडून कुणी कशाची अपेक्षा ठेवत नाही.

मामा हसला, पण तोंड कडू करून. ‘मेल्या, राकस होवक तितकी कंबर लागता. तुझी बग! राकसाक जाळलो की माणसा पोहे खावक मोकळी. तुका जाळून दर्यातली माझी तारली परत येतली काय? तू राकस नाय. तू माझ्या भयणीचो झील. म्हणान राग येता.’

मग सुई परत हातात घेऊन म्हणाला, ‘उद्या आग लावच्या आदी तेंका सांग. सगळ्यांक. मगे पेटती काठी कोणाक देवची ता तेंचा ते बगतले. आणि मांगरातसून एक लादी तकडे जावक नये.’

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘खालचो रस्तो बरो आसा, ह्या माका म्हायत होता,’ आणि पोहे निवडायला बसली.

चावदिसाच्या पहाटे वाडी जमली होती. नरकासुराच्या डोळ्यांचे बल्ब पेटवलेले होते. मी पुढे होऊन आवाज न चढवता सांगितलं. थोडक्यात सांगितलं, सबब दिली नाही. मागून एका बाईने विचारलं, ‘आमच्या वाट्याक शेवाळ येय, तेवा तू लाद्या भरी होतंस?’ मी होय म्हटलं. तीही मला राकस म्हणाली नाही. कुणीच म्हणालं नाही. काठी पोरांनी तिलाच दिली. तिने आग लावली, आणि ते बरोबरच झालं.

त्या दिवशी आमच्याकडे सकाळी एकमेकांच्या घरी पोहे खायला जायची रीत आहे. बायकोने दर वर्षीइतकेच केले होते. गुळाचे, ताकातले, बटाट्याचे. केळीची पानं कापून ठेवली होती. माणसं बेड्यासमोरून, अंगणाच्या फाटकासमोरून, जात होती. शेजारच्या घरातला हसण्याचा आवाज येत होता. मधे फोन वाजला, पलीकडच्या बंदरावरून. मी बर्फ देणार नाही म्हणून सांगितलं. ‘तुम्ही नाही तर दुसरा देईल,’ तो म्हणाला. ते खरं आहे, दुसरा आता देतोही. पण तो दुसरा मी नाही, एवढं मी खात्रीने लिहू शकतो.

ऊन अंगणात आलं तेव्हा मामा आला. एकटाच. पाटावर बसला, तिन्ही तऱ्हेचे पोहे खाल्ले, बायकोला म्हणाला, ‘ताकातल्यांक मीठ कमी आसा गो.’ माझ्याकडे बघितलं नाही. हात धुऊन उठला आणि बेड्यापाशी थांबला.

‘उद्या रापण लावतंव. ओडूक ये. टेंपो नको, हात घेवन ये.’

दुसरं कुणी आलं नाही. उरलेले पोहे आम्ही नवराबायकोने दोन दिवस खाल्ले.