बावीस वावांवरची सावली

धुळ्याच्या भर उन्हात चालता चालता नाना मध्येच थांबत, जमिनीकडे कान करत आणि पुटपुटत, "बावीस." पायाखाली फुफाटा असे, नाना मात्र पाण्याची खोली सांगत. समुद्राची खोली वावांत मोजतात, म्हणून गल्लीत त्यांना सगळे वावनाना म्हणत.

नाना मूळचे नरडाण्याकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी समुद्राचा तळ मोजणाऱ्या बोटीवर काढली होती. बोटीवरचं यंत्र खाली आवाज सोडी. तो तळावर आपटून परतला की सुई कागदावर काळी रेघ ओढी. त्या कागदांच्या नकला गुंडाळून नानांनी खोलीत छतापर्यंत रचल्या होत्या. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत असे, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

एका जागी, बावीस वावांच्या खोलीवर, रेघेवर फिकट सावली होती. दुपारच्या कागदावर तळाला चिकटलेली, दिवस कलताना वर उठलेली. प्रत्येक फेरीत तिथंच.

"यंत्राचा दोष असेल," मी म्हणालो.

"बोटवरला साहेबबी हाईच म्हने. पुसी टाक म्हने." नानांचा आवाज खाली गेला. "मी दोरले शिसं बांधीसन सोडं. सावलीम्हा गया नि दोर हातम्हा थरथरना. भाऊ, तठे बठ्ठं जित्तं शे."

ते जिवंत म्हणजे मासे होते. अंडी घालायला तिथं जमत आणि सांजेला वर येत. आता त्याच जागी बंदराचा उपसलेला गाळ टाकायचं ठरत होतं. सावली पुसायला नकार देऊन नानांनी नोकरी सोडली होती. ती जागा वगळावी म्हणून आम्ही नकाशा तयार केला. सावली रंगवताना मला मान वर करवत नसे. कोणीतरी कागदाखालून बघतंय असं वाटे.

नकाशा बंदर खात्याला पाठवला. उत्तर यायला दोन वर्षं लागली; तोवर तिथं गाळ टाकून झाला होता. "पुन्हा मोजणी केली. तळ स्वच्छ आहे. सावली आढळली नाही. यंत्रातील दोष दूर झाला असावा." सोबत नव्या मोजणीचा कागद होता.

नानांनी त्या मोकळ्या रेघेवरून बोट फिरवलं. फार वेळ फिरवत राहिले.

"आते तठे कोन्हीच नही," ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवला. "हाईबी काढ. तारीख टाक."

मी तोही नकाशा काढला. नाना त्याच हिवाळ्यात गेले.

पुढे एदलाबादच्या बाजूला नदीपात्राच्या मोजणीत मला एक खूण सापडली. कशाची, ते कोणालाच कळेना. आमचे साहेब म्हणाले, "खोडून टाका."

"साहेब," मी म्हणालो, "आधी जाऊन बघतो."