बावीस जांभळे कान

चहा निवांत घ्या, पण हा किस्सा ऐकून बाहेर बोलू नका. बाहेर म्हणजे अंबड तालुक्याच्या बाहेर. तालुक्याच्या आत कुणाला सांगायचं राहिलेलंच नाही!

मी जनावरांचा डॉक्टर, त्यातही विषाणूंवर संशोधन करणारा. गाई, शेळ्या, कोंबड्या, सगळ्यांचे विषाणू पाहिले, पण जीव जडला तो डुकरांच्या तापावर. आमची आई म्हणते, "येवढं शिकलास, मंग निदान गाई तरी बघायच्या. पाव्हण्यांना सांगता येतं." आता आईला कसं समजावणार, की डुकराच्या रक्ताची एक नळी नीट मिळाली की माझा दिवस सणासारखा जातो?

तर अंबडहून अंकुशनगरला जाताना रस्त्याला लागून एक वस्ती आहे. तिथं सुभद्रामावशी राहतात. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा. त्यांची अकरा डुकरं, पांढऱ्या जातीची. त्यातली सोनी नावाची मादी म्हणजे मावशींची लेकच. मावशींचं घर या अकरा जिवांवर चालतं, एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्या भेटीत मी अकराही डुकरांचं रक्त काढलं. ते कानाच्या शिरेतून काढतात, आणि डुक्कर काही सुखासुखी देत नाही. माझे सहायक मुरलीमामा धरायचे, मी टोचायचो, आणि अख्खी वस्ती आमची फजिती बघायची. टोचलेल्या जागी माशी बसू नये म्हणून निघताना मी मावशींच्या हातात औषधाची एक मोठी बाटली ठेवली. रोज लावा म्हणालो, गाडीत बसलो आणि ती बाटली साफ विसरलो.

पुढचे पंधरा दिवस मी परगावी प्रशिक्षणाला होतो. तिथं रोज पडद्यावर तापानं गेलेल्या डुकरांचे फोटो. कान जांभळे, पोट जांभळं. हा ताप फार वाईट बरं का. त्याच्यावर इलाज नाही. माणसाला तो होत नाही, पण कळपच्या कळप झोपतो आणि राहिलेली डुकरंही मारून पुरावी लागतात. ते फोटो बघून बघून माझी अशी गत झाली, की ताटात वांगं आलं तरी मी आधी निरखून बघायचो!

परत आलो तो थेट वस्तीवर. भर दुपार. बाभळीखाली अकरा डुकरं आडवी पडलेली. हालचाल नाही, आवाज नाही. आणि कान? बावीसच्या बावीस कान जांभळे!

खरं सांगू? आधी मनात आलं, मावशींचं घर बसलं. आणि त्याच्या पाठोपाठ एक नालायक विचार आला, की जिल्ह्यातली पहिली नोंद आता आपल्या नावावर. लाज वाटते सांगताना, पण आला.

"मामा, गाडी मागं घ्या. कुणीही खाली उतरायचं नाही!"

"सर, तुम्ही तर उतरून राह्यले."

"मी शास्त्रज्ञ आहे!"

रोग कपड्यांवरून दुसऱ्या कळपात जाऊ नये म्हणून घालतात, तो पांढरा सूट गाडीआड उभं राहून चढवला. डोक्यापासून पायापर्यंत, वर मास्क, वर चष्मा. आत मी हुरड्यासारखा भाजून निघत होतो. मला तसं बघून दोन कुत्री पळाली. मावशी मात्र हसत समोर आल्या.

"लांब थांबा मावशी! कानांचं हे कधीपासून?"

"तुम्ही गेल्ते ना, त्याच दिवसापासनं."

वहीत लिहून घेतलं.

"वाढत गेलं?"

"हाव ना. पैले थोडंच होतं, मंग समदा कान."

"सगळ्यांना आहे?"

"येकालाबी सोडलं न्हाई. सोनीला जरा जास्तीच हाय."

"खातात का?"

"सकाळपासनं बिलकुल तोंड लावलं न्हाई. काल त्यांनी..."

"पुरे!"

बघा म्हणजे. बाई स्वतःहून माहिती देतेय आणि शास्त्रज्ञ म्हणतोय, पुरे!

"डाक्टरसायेब, पर ते कानाला..."

"मावशी, कानाचं मला सांगू नका. पंधरा दिवस मी कानच शिकून आलोय!"

जालन्याला आमच्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला. मॅडम अनुभवानं माझ्या दुप्पट आणि बोलायला निम्म्या. "वस्तीत ये-जा बंद करा. नमुने घ्या. रिपोर्ट येईपर्यंत दुसरं काहीही करू नका. मी निघते." एवढंच म्हणाल्या. यातलं 'काहीही करू नका' माझ्या कानाच्या बाहेरूनच गेलं असणार. कारण पलीकडं कालव्याच्या कामावर एक जेसीबी दिसला, आणि मला वाटलं, आधीच तयारी असली तर मॅडम खूश होतील.

"किती खोल घेऊ सायेब?" जेसीबीवाल्यानं विचारलं.

"पुरुषभर!" मी ऐटीत सांगितलं.

आता जेसीबी आला की आपल्याकडं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? ये-जा बंद करायची होती, तिथं शेजारच्या दोन वस्त्या येऊन कडेला उभ्या राहिल्या. मुरलीमामा दोरी बांधत होते, लोक दोरीखालून येत होते. एकानं तर मला धरून फोटोसुद्धा काढला.

खड्डा कशासाठी, हे मावशींना उशिरा कळलं. कळलं तशा त्या सोनीपाशी गेल्या आणि तिच्या गळ्यात हात टाकून खालीच बसल्या. भोंग्यासारखा तो आवाज एवढासा झाला.

"सोनीलाबी टाकता का त्याच्यात? तिच्या पोटात पिल्लं हायेत, डाक्टरसायेब."

मला फार वाईट वाटलं. चष्म्याच्या आत डोळे भरून आले आणि पुसायची सोय नव्हती. आणि तरीही मी काय बोलावं? "मावशी, विज्ञानापुढं इलाज नसतो."

हे वाक्य मला आजही मध्येच आठवतं आणि मी ज्या जागी असेन तिथं डोळे मिटून घेतो.

तेवढ्यात मॅडम पोचल्या. आधी खड्डा बघितला, मग मला बघितलं. सूट चढवून सोनीजवळ बसल्या, तिचा ताप मोजला, मग ओल्या कापसाचा बोळा तिच्या कानावरून फिरवला. बोळा जांभळा, कान गुलाबी!

"डॉक्टर, ताप नाहीये. आणि हा रोग कापसाला लागतो, हे त्या प्रशिक्षणात शिकवलं का?"

"म्या तेच तर सांगून राह्यले!" मावशींचा भोंगा परत सुरू झाला. "औषध हाय ते! यांनीच दिल्तं!"

त्या घरात गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. तळाशी दोन बोटं जांभळं औषध. बाटलीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'टोचलेल्या जागी रोज लावणे. चुकवू नये.' खाली माझी झोकदार सही.

"पण मी टोचलेल्या जागी म्हटलं होतं," मी शेवटचे हातपाय मारले. "अख्ख्या कानाला नाही!"

"माशीला काय ठावं कुठं टोचलं ते? ती कुठंबी बसती. म्हणून बराबर समद्या कानाला लावलं."

मी घाईनं विषय बदलला.

"मग खात का नाहीत?"

"काल पलीकडं लगीन होतं ना. त्यांनी पातेलंभर बुंदी आन् भात आणून दिल्ता. येवढं खाल्ल्यावर तुम्ही तरी उठले असते का?"

"उरलंसुरलं उकळून देत जा मावशी, नाहीतर त्यातून खरा रोग येईल," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आणि तुम्ही आता तो सूट काढा. लोक हसताहेत."

अकरा डुकरं वाचली म्हणून जीव भांड्यात पडला, हे खरं. पण खड्ड्याचं काय? जेसीबीवाला बुजवायला निघाला, तर मावशींनी त्याला अडवलं. "निम्मा बुजव, निम्मा राहू दे. उन्हाचं डुकरांना लोळायला बरं." त्यात पाणी साठलं. सोनीला नऊ पिल्लं झाली, तीही आता तिथंच लोळतात.

गेल्या महिन्यात गाडी दुरुस्तीला होती म्हणून मी अंबडहून एसटीनं निघालो. कंडक्टरला वस्तीचं नाव सांगितलं.

"डाक्टरचा खड्डा म्हणा ना," त्यानं तिकीट फाडलं.

"कुठल्या डॉक्टरचा हो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"होता एक येडा. डुकरांचे कान रंगवायला सांगून गेल्ता, आन् आल्यावर सोताच भ्याला!"

मी गुपचूप तिकीट खिशात घातलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर मात्र आईला म्हटलं, "आता पाव्हण्यांना खुशाल सांग. तुझ्या लेकाच्या नावानं एसटीचा थांबा झालाय."

आईचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "खरंच? पर कशामुळं रे?"

मी म्हटलं, "पुरे!"