घेराची तिसरी दुमड

बिल्किस गेल्याची बातमी मला फोनवरच्या आवाजी निरोपातून कळली. सकाळचे साडेसात झाले होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. तिची मुलगी शाहीन सांगत होती, "टीचर, अम्मी चले गए. फजर के बाद. जोहर में मिट्टी है. तुम आतेच बोलके बता रहूं." म्हणजे दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. मी गॅस बंद केला, निरोप पुन्हा एकदा ऐकला, आणि मग साडी बदलायची सोडून कपाट उघडलं. सगळ्यात खालच्या खणात, जुन्या चादरींच्या तळाशी, एक निळा शाळकरी स्कर्ट आहे. बावीस वर्षं तो तिथंच आहे. मी तो बाहेर काढला, मांडीवर घेतला, परत घडी घालून ठेवून दिला आणि रिकाम्या हाताने तिच्या घरी गेले. बायकांच्यात बसले, रडले, परत आले. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले, पण माझं काही एका जागी बूड टेकत नाही. पुसलेली फरशी पुन्हा पुसते, भाजी आणायला म्हणून निघते आणि हिमायतनगरपर्यंत चालत जाऊन तशीच परत येते. सून म्हणते, "आई, डॉक्टरकडे जाऊ या का?" तिला काय सांगू? लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

बिल्किस आमच्या मराठी शाळेत आया होती. मी गणित शिकवायची. ती उंचनिंच, खांदे रुंद, काळाभोर रंग, कुरळे केस ओढणीत न मावणारे... नव्या वर्षी मुलांना सोडायला आलेले पालक तिच्याकडे बघतच राहायचे. एखादी धीट आई विचारायची, "कहाँ के हो तुम लोगां?" ती घंटेचा टोल देता देता म्हणायची, "एसी गार्ड्स के." "नै, उससे पहले?" "उससे पहले भी एसी गार्ड्स के." आणि घंटा अशी काही बडवायची की पुढचा प्रश्न त्यात बुडून जायचा. तिचा पणजा आफ्रिकेतून आलेला, निजामाच्या घोडदळातला. त्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स पलटणीवरूनच मोहल्ल्याला नाव पडलं. पुढे घोडे गेले, पलटण गेली, माणसं उरली. तिच्या गल्लीतले पुरुष लग्नाच्या वरातीत मर्फा वाजवायचे, अंगात येईल असा ढोल. लग्नसराईत त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. लग्नसराई सरली की तेच लोक रोजगार मागत दुकानांच्या पायऱ्या झिजवायचे आणि दुकानदार म्हणायचे, गल्ल्यावर नको, गिऱ्हाईक दचकतं; माल उतरवायला येतो का बोल.

मराठी तिला शब्दन् शब्द कळायची. वर्गाबाहेरच्या बाकावर बसून वर्षानुवर्षं कानावर पडलेली. पाढे तर ती आमच्या पाचवीतल्या मुलांपेक्षा झरझर म्हणायची. बोलायची मात्र दखनीच. "समझना मेरा काम, बोलना तुम्हारा," असं म्हणून हसायची. आमचं दोघींचं जमायचं. मधल्या सुट्टीत मी माझ्या डब्यातलं थालीपीठ तिला द्यायची, ती मला तिच्याकडचं अंबाड्याचं लोणचं. माझे वडील कोर्टात पेशकार होते, आजोबा वकील. घरात नाव मोठं आणि पगार बेताचा, हे काही मी तिला सांगितलं नव्हतं. पण तिच्या लक्षात आलं असावं. माझ्या ब्लाउजची उसवलेली बाही एकदा तिने न विचारता बाकावर बसल्या बसल्या टाचून दिली होती.

एका दिवाळीत मी उत्साहाने शाळेत जुने कपडे गोळा केले. चार पोती भरली. रिक्षात घालून स्वतः तिच्या गल्लीत घेऊन गेले. कुणीतरी फोटोही काढला. बिल्किसने पाणी दिलं, बसवलं, पोत्यांना हात लावला नाही. "टीचर, पहनने कू है हमारे पास," ती म्हणाली. "काम हो तो बोलो." मला ते झोंबलं. इतकं करून वर हा तोरा! मी तसं स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. त्या दिवशी तिच्या पुढच्या खोलीत पायमशिन होतं, आणि पलीकडे ओट्यावर चार-पाच बायका काजं करत बसल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पोत्यांच्या नादात विसरले.

सहाजणी होत्या त्या. कुणाचा नवरा वाजवणारा, कुणाचा घरी बसलेला, कुणाचा नसलेलाच. बिल्किस शाळा सुटल्यावर त्यांना शिवण शिकवायची. एका संस्थेचे लोक तिला फुकट मशिनं द्यायला आले होते, फक्त प्रत्येक मशिनवर देणाऱ्याचं नाव रंगवायचं होतं. हिने नक्को म्हटलं. "मशीन पे नाम रहता तो जो चलाती उसका रहना," असं म्हणाली आणि एकेक जुनं मशिन बाजारातून आणून स्वतः तेल घालून चालू केलं. मग एक दिवस ती माझ्याकडे आली, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागायला. शाळेचा गणवेश शिवायचं काम तिच्या बायकांना मिळावं. नमुन्याचा स्कर्ट तिने शिवून आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. "दान नक्को, टीचर. कमिटी में तुम बैठते ना? बस सामने रख दो. सिलाई अच्छी नै लगी तो मना कर देना."

तो स्कर्ट मी त्याच दिवशी उलटा करून पाहिला. टिपा सरळ, चुण्या मापात, शिवणीत माया भरपूर. आणि खाली घेराला एक नाही, तीन दुमडी. पोरगी उंच झाली की दर वर्षी एक दुमड सोडायची. एक स्कर्ट चार वर्षं जायचा. आमच्या शाळेत येणाऱ्या निम्म्या पालकांना त्याचं किती मोल होतं, ते गणिताच्या बाईला कळायला नको? मला कळलं. पण त्याआधी दुसरंच आठवलं. मी चौथीत असताना आईने माझ्या फ्रॉकची दुमड दोनदा सोडली होती. दुमडीच्या जागी गडद रेघ राहते, कितीही धुवा, जात नाही. वर्गातल्या मुलींनी मला उभं करून त्या रेघा मोजल्या होत्या. "दो साल पुराना!" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि तो स्कर्ट हातात धरून माझे कान तापले.

गणवेश समितीत आम्ही चौघं होतो. मुख्याध्यापक सर, दोन विश्वस्त आणि मी. दुसरा नमुना हिमायतनगरच्या एका मोठ्या दुकानाचा होता, गुळगुळीत पिशवीतला. सर खरं तर बिल्किसच्या बाजूने होते. "आपल्याच बाईचं काम आहे, भावही कमी सांगितलाय, देऊन बघू या," असं ते म्हणाले. विश्वस्तांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले... शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, "घेर जाड वाटतो, पुढे रेघा दिसतील. शिवाय ही माणसं कष्टाळू असली तरी एवढं काम त्यांना झेपायचं नाही, सर. मदत करू की आपण त्यांना. पण काम देणं निराळं." सरांनी स्कर्ट घडी घालून माझ्याकडे सरकवला. मग दुकानाच्या कागदावर सह्या झाल्या. तेवढ्यात बिल्किस चहा घेऊन आत आली. चहा गार होता, वर साय धरलेली. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, "इतका वेळ कुठं रेंगाळत होतीस गं? हा चहा द्यायचा का माणसाला?" तिने कप उचलले. "दुसरी लातूं, टीचर," म्हणाली आणि गेली.

नमुना परत द्यायचा माझा धीर झाला नाही. दिला असता तर तिने विचारलं असतं, काय झालं? तिने मात्र कधी विचारलं नाही. वर्षभराने तिने नोकरी सोडली. सगळ्यांना वाटलं, आता ही बुडणार. विद्यानगरच्या बाजूला गल्लीबोळांत छोट्या छोट्या शाळा असतात ना, दोन मजली घरात भरणाऱ्या, तिथे ती फाटकाशी उभी राहून मुलींच्या आयांना स्कर्ट उलटे करून दाखवायची. एकीने घेतला, तिचं बघून दहाजणींनी घेतले. दुमडीच्या रेघेवर लावायला ती सोबत पांढरी फीत द्यायची, म्हणजे रेघ झाकली जायची आणि उलट नक्षी केल्यासारखी दिसायची. इतकं सोपं होतं ते! मला समितीत बसून सुचलं नाही, सुचवायचंही नव्हतं. पुढे सहाच्या वीसजणी झाल्या, गल्लीतल्या दोन खोल्या मिळून शिवणघर झालं. वाजवणारे पुरुष पावसाळ्यात तिथे कापड कापायला बसू लागले. आमच्या शाळेची पटसंख्या त्याच वर्षांत घटत घटत गेली. त्या गुळगुळीत पिशवीतल्या स्कर्टांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

आमचं जाणंयेणं सुटलं नाही. उलट ती ईदला शिरखुर्मा पाठवायची, मी संक्रांतीला तिळगूळ न्यायची. आणि अधूनमधून, चहा पिता पिता, ती तो विषय काढायची. "सर डरपोक थे, टीचर. नै तो अपने स्कूल का काम मिलताच था." मी खाली बघायची. मनाला समजवायची की सर आता हयात नाहीत, त्यांना काय फरक पडतो? एका भल्या माणसाच्या माथी माझं पाप बिनबोभाट राहिलं, आणि मी ते राहू दिलं. आजही लिहिताना लाज वाटते.

शेवटची भेट फाल्गुनात झाली. तिचा दम वाढला होता, मशिनवर बसणं बंद होतं. तरी ती खुर्ची टाकून शिवणघराच्या मध्येच बसलेली, एकेकीची टीप लांबून बघून "उधेड़ो, फिर से मारो" म्हणत होती. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेले होते. रिक्षात वाक्य जुळवलं होतं. मी म्हटलं, "बिल्किस, एक बात बोलनी थी. वो सँपल..." ती माझ्याकडे बघत राहिली. घाई नाही, राग नाही, नुसती थांबून राहिली. आणि मी म्हणाले, "वो सँपल की सिलाई क्या मस्त थी गं." ती हसली. "हौ, मस्तच थी," म्हणाली आणि पुढच्या मशिनकडे वळली. परत येताना मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पुढच्या वेळी, म्हटलं. पुढची वेळ म्हणजे तिची मय्यत.

परवा चाळिसावा झाला. या वेळी मी स्कर्ट नेला, त्याच पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात. जेवणं आटोपली, बायका पांगल्या, शाहीन एकटी शिवणघरात मशिनांवर कापड टाकत होती. मी तिला बसवलं आणि पुडकं तिच्या हातात देऊन एका दमात सगळं सांगितलं. सर नव्हते, शाहीन, मी होते. झेपायचं नाही, हे मीच म्हणाले. काम देणं निराळं, हेही मीच.

शाहीनने पुडकं उघडलं नाही. शांतपणे म्हणाली, "मालूम है, टीचर. अम्मी चाय की ट्रे लेके दरवाजे पेच खड़े थे ना उस दिन."

साय धरलेला तो चहा... आणि मी तिला विचारलं होतं, कुठं रेंगाळत होतीस म्हणून.

"मग सरांचं नाव का घ्यायची ती?" मी कसंबसं विचारलं.

"क्या मालूम. कभी बताए नै." शाहीनने पुडकं उघडून स्कर्ट मांडीवर उलटा केला, घेरावरून बोट फिरवलं. "हमकू इत्ताच बोलते थे, वो सँपल मांगो नक्को. टीचर खुद लाके देते एक दिन."

मी बावीस वर्षं आणि चाळीस दिवस लावले. मला माफ केलं होतं, की मी केव्हा तोंड उघडते ते ती बघत होती, की तिला फक्त तिचं काम परत हवं होतं... मला कळत नाही, आणि विचारायला आता कुणी नाही. शाहीन उठली. नव्या शाळेचं काम सुरू होतंय, अम्मीच्या हातचं माप एकही शिल्लक नव्हतं, म्हणाली. तिने पात्याने घेराची टीप उसवली. पहिली दुमड सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या दुमडीतलं कापड अजून कोरं निळं होतं, बाकीचा स्कर्ट विटला तरी. तिने तो कापायच्या टेबलावरच्या नव्या कापडावर पसरला, खडूने त्याच्याभोवती रेघ ओढली आणि कापायला सुरुवात केली.

कपाटाचा खालचा खण आता मोकळा आहे. सकाळी उठल्यावर मी तो अजून उघडते आणि बंद करते. मधेच ओट्यावरच्या चहाचा विसर पडतो. परत येऊन बघते तर कपावर साय धरलेली असते. पूर्वी मी तो ओतून द्यायची. हल्ली दाराशी जाते आणि उभ्या उभ्या पिऊन टाकते.