नावाची बांगडी

तिसगावच्या बाजारात लिंबाखाली मेहताब बांगड्या भरायला बसते, त्याला पंचवीस वर्षं झाली. लिंब जाड झाला, तिच्या केसांत मेंदीखालून चांदी डोकावू लागली, पण बसायची पोत्याची घडी तीच आणि पुढ्यातल्या काचेचा लखलखाट तोच. बाईची बोटं ती अशी हळूच चेपते, की दुखायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असते. हात भरून झाले की एक बांगडी वर द्यायची, ही तिच्या सासूपासूनची रीत. मेहताबनं त्या रीतीला आपली एक गाठ मारली. वरची बांगडी बाईच्या लेकराला, आणि लेकरानं आधी मोठ्यानं तीन नावं सांगायची: आईचं, बापाचं, वस्तीचं.

त्यामागं एक दुपार होती. तीन वर्षांचं एक चुकलेलं पोर तिच्या मांडीवर दिवस मावळेपर्यंत रडत बसलं होतं. आईचं नाव विचारलं तर म्हणायचं वहिनी, बापाचं विचारलं तर भाऊ. घरात आत्या-चुलते ज्या हाका मारत, त्याच त्याला ठाऊक. गाव कुठलं, तर वस्ती. कर्ण्यावरून पुकारा झाला, पण बाजारातल्या निम्म्या बाया कुणाच्या ना कुणाच्या वहिनी होत्या. अखेर आई शोधत आली, तेव्हा दिवे लागले होते.

तेव्हापासून मेहताब बांगडी भरता भरता लेकरांना शिकवते. चुकलात तर पळायचं नाही. बसून माल विकणाऱ्या बाईकडं जायचं, चालत्या माणसामागं जायचं नाही. आणि कुणी म्हणालं आईनं बोलावलंय, तर त्यालाच आईचं नाव विचारायचं.

चिंचेच्या वस्तीवरच्या बनुबाईला हे रुचलं नाही. ती सून पूजा आणि पाच वर्षांची नात पंकजा यांना घेऊन आली होती. तिसरं सोडा, पहिलं नाव विचारताच ती फणकारली.

"भाबी, आमच्यात सून नवऱ्याचं नाव घेत न्हाई, अन तू पोरीला आईबापाचं नाव घ्यायला लावती. उद्या मला बने म्हनून हाक मारंल."

बाया हसल्या. मेहताबही हसली, पण तांबडी बांगडी तिनं मुठीतच ठेवली.

"मारू दे की. हाक मारायला पोरगी जवळ तर पायजे."

यापुढं शेवगावलाच बांगड्या भरीन, असं सुनावून बनुबाई उठली. पंकजा मात्र वळून वळून मुठीकडं बघत गेली. पुढच्या बाजारी ती एकटीच लिंबाखाली येऊन उभी राहिली आणि एका दमात तिन्ही नावं बोलली. पलीकडं पूजा कांद्याच्या ढिगाकडं बघत पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हसत होते. मेहताबनं काही विचारलं नाही. बांगडी दिली.

दिवाळीच्या तोंडावरचा बाजार. मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी. मेहताब एकीचा हात भरत होती आणि बनुबाई पदर लोळवत समोर आली. गूळ हुंगून बघायला नातीचा हात सोडला, तेवढ्यात पोरगी दिसेनाशी झाली. एवढं तिनं धापा टाकत सांगितलं.

अर्ध्यावर आलेली बांगडी मेहताबनं तशीच सोडली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती भरल्या बाजारात माल उघडा टाकून उठली. बनुबाई वाट फुटेल तिकडं धावायला निघाली होती. मेहताबनं तिचा दंड धरला.

"पळू नको. बसलेल्या बायांना इचारत चल."

भाजीवालीनं मान हलवली, मसालेवालीनंही. आपण शिकवलेलं त्या एवढ्याशा डोक्यात राहिलं असेल का, हा एकच विचार मेहताबच्या मनात. आणि मग गाडगी विकणाऱ्या राहीबाईच्या पालाशी पंकजा दिसली. पालाचा बांबू दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. मनगटात तांबडी बांगडी.

राहीबाईनं झालेलं सांगितलं. एक माणूस आला, आई एसटी स्टँडवर थांबलीय म्हणाला, चल म्हणाला. पोरीनं त्याला आईचं नाव विचारलं. तो हसला, गोळी पुढं केली. तिनं पुन्हा विचारलं, अजून मोठ्यानं. राहीबाई उठून उभी राहिली तोवर तो गर्दीत मिसळला होता. बरा होता की वाईट, देव जाणे. नाव त्याला सांगता आलं नाही, एवढं खरं.

बनुबाईनं हात पसरले. पोरीनं बांबू सोडला नाही.

"आजी, माझ्या आईचं नाव काय?"

भरल्या बाजारात बनुबाईचा आवाज खणखणीत निघाला.

"पूजा गं माझे माय. तुझा बाप गहिनीनाथ. आपली चिंचेची वस्ती."

तेव्हा कुठं पंकजानं बांबू सोडला आणि आजीच्या कमरेला मिठी घातली.

लिंबाखालचा माल जिथल्या तिथं होता. शेजारणी राखण करत उभ्या होत्या. मेहताबनं बनुबाईला पोत्यावर बसवलं, तिचा राठ हात हातात घेतला आणि तिच्या मापाची एक तांबडी बांगडी निवडली. बनुबाई नको म्हणत होती.

"तिन्ही नावं सांगितलीस," मेहताब म्हणाली. "आता तुजी हाय."